वाकलेली रेघ

चंद्रावर पाठवलेली केळी वाया गेल्याचं रावेरला कळलं, तेव्हा ती पाठवणारे हेमराज नेहेते चहा गाळत होते. चंद्रतळावरच्या भांडारप्रमुख बाईंनी पडद्यावर उघडी पेटी दाखवली. सगळे घड काळे पडले होते. पेटीतल्या प्लॅटिनमच्या जाळीचा काही उपयोग नाही, पुढच्या खेपेला ती काढून टाका, असं त्या म्हणाल्या.

जाळी हेमराजांच्या पत्नीने, वैशालीताईंनी, बनवली होती. गेल्या उन्हाळ्यात त्या वारल्या. हेमराजांचा चहा तसाच गार झाला.

दुपारी नात मिहिका शाळेतून आली. ही जाळी करते तरी काय, असं तिने विचारलं. आजोबांनी सांगितलं, की केळ्यांतून इथिलीन (फळं पिकवणारा वायू) निघतो. तो साठला की शेजारची केळीही पिकू लागतात आणि आणखी वायू सोडतात. जाळी हा उत्प्रेरक (स्वतः न संपता रासायनिक क्रियेचा वेग वाढवणारा पदार्थ) आहे. तिच्यावर इथिलीनची ऑक्सिजनशी गाठ पडते आणि इथिलीन नाहीसा होतो.

मग त्यांनी आजीच्या मोजमापांचा आलेख दाखवला. वायू दुप्पट, तर क्रियेचा वेगही दुप्पट. ही सरळ रेघ पुढेही अशीच जाईल असं धरून त्यांनी पेटी गच्च भरली होती.

"ठिपके सगळे खालीच आहेत, आजोबा. वरची रेघ कुणी काढली?"

"मी. पट्टी लावून."

"आजीने वरचं मोजलं नाही?"

"तिला तेवढा वेळ मिळाला नाही."

मिहिकाने दप्तर बाजूला ठेवलं. मग आपण मोजू, म्हणाली.

दोघांनी घरातल्या तशाच दुसऱ्या जाळीवर थोडा थोडा वायू वाढवत नेला. वेग आधी भराभर वाढला, मग रेंगाळला. रेघ वाकत गेली आणि जवळजवळ आडवी झाली. तुमच्यासारखी जाळीही दमली, असं मिहिका म्हणाली. आजोबांना बऱ्याच दिवसांनी हसू आलं.

त्यांनी सलूनचं उदाहरण दिलं. खुर्च्या चार. एकाऐवजी दोन गिऱ्हाइकं आली तर काम दुप्पट होतं. पण चाळीस आली तरी एका वेळी केस चौघांचेच कापले जातात. बाकीचे बाकावर बसून गप्पा मारतात. जाळीवरही रेणूंना बसायला ठरावीक जागा असतात. हे गणितात असं मांडतात:

वेग = कमाल वेग × वायू ÷ (वायू + अर्धबिंदू)

अर्धबिंदू म्हणजे वायूच्या ज्या प्रमाणाला निम्म्या जागा भरतात ते प्रमाण. मिहिकाने आकडे घालून पाहिले. वायू अर्धबिंदूइतका, तर वेग निम्मा. वायू नऊपट, तरी वेग कमाल वेगाच्या नऊ-दशांशच. आणि गच्च पेटीतली केळी कमाल वेगालाही आवरणार नाही इतका वायू सोडत होती. पेटी निम्मी भरली असती, तर जाळी पुरली असती.

आजोबांनी तळावर संपर्क साधला.

"जाळी चांगली आहे. रेघ माझी चुकली. पेटी निम्मी भरतो, पण जाळी राहू द्या."

बाई एका खेपेला तयार झाल्या. ती खेप पोहोचली तेव्हा केळी हिरवी होती. तळावरच्या मुलांना ती पिकायची वाट बघावी लागली.

आता मोठी पेटी मंगळाकडे न्यायची आहे. पण पेटीत केळ्यांतून निघणारी पाण्याची वाफही जाळीवरच्या जागा अडवते, आणि समीकरणात वाफ नाही. ते मोजमाप अजून व्हायचं आहे.