फोटोला हार नको

उन्हं उतरल्यावर प्रभाकरनं स्कूटर काढली आणि जाम नदीचा पूल ओलांडून तो सावरगावला देवकाबाईकडे गेला. काम अगदी साधं. एक कोट मागायचा होता.

पांढुर्ण्याच्या वाचनालयावरच्या खोलीत तो संग्रहालय मांडत होता. तिथं मूर्ती नाहीत की तलवारी नाहीत. गावच्या ऑर्केस्ट्राचं सामान! कॅसेटी, बेंजो, जुना माइक, डिस्को गाण्यांच्या कार्यक्रमांची पोस्टरं. रिटायर मास्तरला दुसरा उद्योग काय, असं लोक म्हणत. म्हणोत बापडे! त्याला उणीव होती ती राजूच्या चमकीच्या कोटाची. राजू म्हणजे देवकाबाईचा मुलगा, प्रभाकरचा वर्गमित्र. तो कोट घालून स्टेजवर उभा राहिला की सौंसरपासून पोरं ट्रॅक्टर भरभरून यायची. तीसेक वर्षांमागं तो बैतुलकडे कार्यक्रमाला गेला, तो गेलाच. कोट तेवढा धुवायचा म्हणून घरी राहिला होता.

देवकाबाईनं ना कधी त्याचं तेरावं केलं, ना कोणाला करू दिलं. पेटीतला कोट काढून तिनं प्रभाकरच्या हातात ठेवला.

"ने बापा, लोकं पाहतीन. पण त्याच्या फोटोले हार नको घालू. माहा राजू जिता हाये."

"नाही घालत, माय. शब्द देतो."

उद्घाटनाला संध्याकाळी तहसीलदार साहेब आले. त्यांच्या गळ्यात झेंडूचा हार पडला. आता आपल्याकडे पाहुण्याला हार मिळाला आणि समोर फोटो दिसला, की त्याचे हात थांबतात थोडेच! साहेबांनी हार काढला, कोटाशेजारच्या राजूच्या फोटोला घातला आणि डोळे मिटून हात जोडले. झालं! मागची सगळी मंडळी मौन धरून उभी राहिली. 'अहो, तो जिवंत आहे!' प्रभाकरच्या अगदी ओठावर आलं होतं. पण साहेबांना कोण टोकणार? त्यानंही मान खाली घातली.

त्या शांततेत कोणीतरी घसा खाकरला. गायक गाण्याआधी माइकवर खाकरतात, तसा. माइक तर काचेच्या पेटीत बंद होता.

गर्दी पांगल्यावर त्यानं हार काढून बाहेर फेकला. तरी जिवाला लागायचं ते लागलंच. रात्रभर त्याला धड झोप नाही.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी देवकाबाई जिना चढून आली. चेहरा नुसता फुललेला.

"काल राजूचा फोन आला गा, प्रभाकर!"

"काल... कधी?"

"संध्याकाळी. तुमचा कार्यक्रम चालू होता तवा. म्हणे, माय, मी येऊन राहिलो. पण लेकराले बोलताच येत नव्हतं. गळ्यात कोणी काही घातलं म्हणे, ते निघून नाही राहिलं. म्हटलं, उद्या प्रभाकरच्या इथं ये, मी काढून देईन."

ती दाराकडे तोंड करून बाकावर बसली. लाइट गेली, पंखा थांबला. खाली रस्ता उन्हात सामसूम होता. खोलीत घामाचा आणि पावडरचा वास येऊ लागला...

जिन्यावर बूट वाजले. सावकाश. एकेक पायरी. दाराशी येऊन थांबले. प्रभाकरनं पाहिलं. दारात कोणी नव्हतं.

देवकाबाई मात्र बाकावर थोडी सरकली, जागा केली. "ये... बैस."

बाकाची फळी करकरली. म्हातारीनं दोन्ही हात शेजारी बसलेल्या उंच माणसाच्या गळ्याएवढे वर नेले आणि ती हवेतच काहीतरी सोडवू लागली.

"लय घट्ट बसला रे... हालू नको."

बऱ्याच वेळानं तिचे हात खाली आले. बोटं झेंडूनं पिवळी झाली होती. ती शेजारी कान देऊन काहीतरी ऐकत राहिली. मग तिनं प्रभाकरकडे पाहिलं. राग नव्हता त्या नजरेत. राग असता तर बरं झालं असतं.

"प्रभाकर, हा म्हणते, तू तिथंच उभा होता... खरं हाये काय?"