हुंकार आणि होकार

केंद्र आणि राज्यांच्या करारावर आता कुणी सही मागत नसे. सही काय, मानगूट धरूनही घेता येते! अशा किती सह्या दिल्लीने काढून घेतल्या होत्या, म्हणून राज्यांनीच भांडून होकारमापक आणवला. माणसाला एखादी गोष्ट मनापासून पटली की घसा सैल पडतो, आवाजात एक बारीक कंप उमटतो. दटावून वदवलेल्या ‘हो’त तो नसतो. हे यंत्र तो कंप पकडे आणि कलमागणिक होकार नोंदवे.

राज्याच्या जलमंत्री कौमुदी लांजेवार त्या भरवशावर बिनधास्त दिल्लीत आल्या होत्या. घोरपेंड धरणाचे दरवाजे कधी उघडायचे, हे आजवर खालच्या बावन्न गावांना विचारून ठरे. तो अधिकार केंद्राला हवा होता. कौमुदी मेली तरी देणार नव्हती.

मसुदा वाचायला समोर आली डॉ. रेवती हटवार. होकारमापक हिनेच बनवलेला, आणि नागपूरच्या वसतिगृहात दोघी चार वर्षं एका खोलीत.

“अगं बाई, तू! बरं झालं. ते दिल्लीचे साहेब मसुदा वाचायला लागले की डोकं उठतं माझं.”

रेवतीने एकेक कलम उलगडून सांगितलं, पूर्वी परीक्षेच्या आदल्या दिवशी सांगायची तसंच. सांगणाऱ्याला हुंकार द्यावा ही आपली रीतच. कौमुदी प्रत्येक कलमाला म्हणत गेली, “हं... हं...”

शेवटी ती म्हणाली, “कळलं सगळं. आता माझा नकार लिहून घे.”

रेवतीने मान वर केली नाही. “बावीसच्या बावीस कलमांना होकार नोंदलाय.”

“वेडी का काय तू? मी नुसती ऐकत होते!”

“यंत्र चुकलेलं नाही, कौमुदी. विश्वासाच्या माणसाचं ऐकताना येणारा हुंकार आणि खरा होकार, दोन्हींचा कंप एकच असतो. मला ते वेगळे करताच आले नाहीत.”

“हे त्यांना ठाऊक होतं?”

“म्हणून तर मला बसवलं.”

“आणि तू बसलीस!”

“पूर एका हातून आवरलेला बरा, असं मला खरंच वाटतं गं. साधं समजावलं असतं तर तू ऐकलं नसतंस.”

“ऐकलंच ना मेले! तेवढंच तर केलं मी.” कौमुदीचा आवाज फाटला. बावन्न गावांचा हक्क गेला होता, आणि तोही मैत्रिणीच्या हातून.

राज्यं मात्र शहाणी झाली. वाटाघाटींना आता कुणावरच विश्वास न ठेवणारी माणसं निवडली जात. वर्षभराने त्याच यंत्रावर कौमुदीची तपासणी झाली. कंप शून्य. मुख्यमंत्री खूश होऊन म्हणाले, “ताई, यापुढे दिल्लीला तुम्हीच जायचं.”

त्याच संध्याकाळी मुलीचा फोन आला. लग्न ठरवलं होतं तिने. हसत, अडखळत ती त्या मुलाविषयी सांगत होती. आणि हिला आपल्याकडून नेमकं काय कबूल करून घ्यायचंय, ते कौमुदी तिच्या वाक्यावाक्यात शोधत होती.