सात नंबरच्या टाकीतले पाच फोड

चिंगोला गावच्या तांबे कारखान्यातली सात नंबरची स्टेनलेस टाकी शुक्रवारी आम्लाने भरायची होती. तिला आतून पॉलिमरचा लेप दिला होता. तो तपासून सही करायचं काम एन्कांडूचं. गेल्या वर्षी तिनेच सही केलेली टाकी सुईच्या टोकाएवढ्या छिद्रापासून गंजत गेली आणि दोन माणसांचे पाय भाजले. तेव्हापासून तिचं ठरलं होतं: एक जरी छिद्र सापडलं तरी सही नाही.

मंगळवारी ती टाकीच्या भिंतीवरून विजेचा ब्रश फिरवत होती. लेपात छिद्र किंवा फोड असला की यंत्र वाजतं. खांद्याच्या उंचीवर ते पाच वेळा वाजलं. पाच फोड, खाली हाताच्या तळव्याएवढा उंचवटा.

कारण साधं होतं. वाळूच्या माऱ्याने घासलेल्या पोलादाला उघडा हात लागला, की घामातलं मीठ लेपाखाली अडकतं आणि फोड येतो. लेपवाल्यांचा म्हातारा मुकादम बा कापेम्ब्वा म्हणाला, माझ्या माणसांचे हातमोजे मी स्वतः बघतो. वर म्हणे, "तुझा नवरा आला असेल गं पोरी. मक्याचा न्शिमा ताटात गार होतोय, घरी चल म्हणून."

ती हसली. तेवढा भाग खरवडून, घासून पुन्हा लेप दिला.

बुधवारी तिथे यंत्र गप्प राहिलं. हातभर पुढे, टाकीच्या दाराच्या दिशेने, पाच वेळा वाजलं.

या वेळी एन्कांडूने कुणालाही आत येऊ दिलं नाही. घासणं, लेप देणं, सगळं एकटीने केलं.

गुरुवारी फोड दाराच्या कडेला होते. तिने एक सुरीने उघडला. आतलं पोलाद ओलं होतं. मीठ तपासायची पट्टी लगेच रंगली.

कापेम्ब्वाने तीन दिवसांच्या फोडांवरून दारापर्यंत बोट फिरवलं.

"आत येत नाहीये ते, पोरी. बाहेर निघालंय."

कारखान्याच्या साहेबांनी फोनवरून दाराला झाकण लावायला सांगितलं. एन्कांडूने नाही म्हटलं. कड दुरुस्त केली.

"आज दार उघडं राहील," ती म्हणाली. "आणि समोर कुणी उभं राहायचं नाही."

शुक्रवारी सकाळी तिने अख्खी टाकी दोनदा तपासली.

यंत्र एकदाही वाजलं नाही.

तिने सही केली. झाकण बसलं.

चढताना तिचं लक्ष गेलं नव्हतं, उतरताना दिसलं. आम्लाचा थेंबही न लागलेल्या, टाकीबाहेरच्या शिडीच्या कठड्यावर, बोटाबोटांच्या अंतराने, गंजाचे बारीक खड्डे पडले होते. ते खाली उतरत गेले होते.

ती त्यांच्या मागोमाग कामगारांच्या वसाहतीकडच्या फाटकापर्यंत गेली. कडीवरचा पाच बोटांचा ठसा अजून ओला होता.