तिन्ही गाड्या थांबल्या

विश्वास ठेवायचा की नाही, ते तुमचं तुम्ही ठरवा. पण भीमराज साळवे उगाच फेकाफेकी करणारा माणूस नाही, आणि हा प्रकार त्याने स्वतः सांगितलेला.

सत्त्याण्णव साल. सुपा एमआयडीसीतला एक छोटा कारखाना. खंडेनवमीची दुपार.

सकाळी यंत्रांची पूजा झाली, पेढे वाटले, कामगार घरी गेले. त्या दिवशी यंत्र चालवायचं नाही, अशी रीत. पण दसरा झाला की लगेच पुण्याचे पाहुणे येणार होते. साहेबांनी भीमराजला गाड्यांच्या चाचणीसाठी मागे ठेवलं.

"त्यांच्यापुढे गाड्या अडल्या, तर भंगारात घालीन," साहेबांनी बजावलं.

गाड्या तीन. ड्रायव्हरशिवाय सुटे भाग वाहणाऱ्या. भीमराजने वर्षभर खपून बनवलेल्या. प्रत्येकीला कॅमेऱ्याचा एक डोळा, आणि एकमेकींशी बोलायला वायरलेस. एकीला वाटेत माणूस दिसला, की ती बाकीच्या दोघींना कळवायची. मग तिघी थांबायच्या.

त्यांना वाट शिकवली सूर्यभान फिटरने. रोज त्यांच्यापुढे चालायचा, "चला गं पोरींनो" म्हणायचा. आषाढात हायवेवर ट्रकने त्याला सायकलसकट उडवलं. जागीच गेला.

त्याची बायको जयमाला आता तिथेच झाडलोट करायची. नवऱ्याचा पाना तिने पूजेत ठेवला होता. तो न्यायला ती थांबली होती.

भीमराजने गाड्या सोडल्या.

पहिली निघाली... आणि मधल्या वाटेत थांबली.

समोर कुणीच नव्हतं.

भीमराजला हसू आलं. कुणीतरी भक्तिभावाने गाडीच्या डोळ्यालाच कुंकू फासलं होतं. त्याने तिघींचे डोळे लख्ख पुसले. परत सोडल्या.

तिघी तीन बाजूंनी आल्या... आणि त्याच जागेभोवती थांबल्या.

कॉम्प्युटरवर तिघींचा एकच निरोप. माणूस उभा आहे.

सगळी यंत्रं बंद. पंखासुद्धा नाही. त्या शांततेत पडद्यावरची त्या माणसाची खूण सरकली. थोडी... आणखी थोडी... जयमालाकडे.

गाड्या मागे सरून वाट देऊ लागल्या. एक तर पार खांबाआड गेली.

"भाऊ, ह्या कुनाला वाट देत्यात?"

भीमराजने पडद्यावरची खूण पुन्हा तपासली.

तिने पाना छातीशी धरला. "त्येच हायती ना? कुठं हुबं हायती तेवढं सांगा. मला दिसंना हो."

सांगता आलं असतं. तिच्यापासून हातभर. पण भीमराजची पाचावर धारण बसली होती. हे सगळं थांबावं म्हणून त्याने वायरलेसच बंद केलं.

खांबाआडच्या गाडीला तिथून काही दिसत नव्हतं. ती बाकीच्यांच्या निरोपावरच थांबली होती. निरोप तुटला, तशी ती सुसाट सुटली. वळली...

रिकाम्या जागेत... धप्प!

गाडी तिथेच अडली. पुढचा पत्रा आत चेपला होता.

जयमाला ओरडली नाही. खाली बसली. फरशीवरून हात फिरवत राहिली.

"परत एकदा मारलं त्येंला, भाऊ."

पाहुण्यांपुढे गाड्या कुठेच अडल्या नाहीत. साहेब खूश झाले. भीमराजने मात्र नोकरी सोडली. आता त्याचं नगरात दुरुस्तीचं दुकान आहे. कुठलंही वायरलेस बंद करण्याआधी तो हळूच विचारतो,

"सूर्यभानभाऊ, बाजूला झालात का?"

आणि थोडा वेळ थांबतो.