फोटोपुरत्या चाळीस डब्या

"समर्थ्या, दोरी घेतलीस का?"

"घेतली! पाण्याच्या बाटल्या घेतल्या, टॉर्च घेतला आणि आईने दिलेले चार लाडूही घेतले. म्हणजे आता तीन उरलेत."

"बकासुरा! अजून गावाबाहेर नाही पडलो!" वेदिका ओरडली.

दर वर्षी मे महिन्यात वेदिका रत्नागिरीहून मावशीकडे पूर्णगडला यायची, आणि मग ती, मावशीच्या शेजारचा समर्थ, मोहल्ल्यातला उमेर आणि त्याची धाकटी बहीण इरम अशी चौघांची टोळी गाव डोक्यावर घ्यायची. आज किल्ल्याच्या तटाखालच्या खडकात शिरून खेकडे शोधायचा बेत होता. बेत इरमचा होता. नऊ वर्षांची ती पोर टोळीची खरी सेनापती होती.

पण उमेर एकटाच आला. त्याचा चेहरा उतरला होता.

"इरम नाय येत," तो म्हणाला. "चार दिवस दाढ दुखत होती, आज तर तिला बोलताच येत नाय."

तिघं धावतच त्याच्या घरी गेले. इरम भिंतीला टेकून बसली होती. उजवा गाल आणि हनुवटीखालचा भाग टम्म सुजला होता, त्यावर हळदीचा लेप वाळून भेगाळला होता. अंगात ताप होता. तिने वेदिकाकडे पाहून काही म्हणायचा प्रयत्न केला, पण दात जेमतेम विलग झाले आणि ओठांच्या कोपऱ्यातून लाळ ओघळली. वेदिकाला एकदम भीती वाटली. खरीखुरी भीती.

"चाची, हिला रत्नागिरीला न्या ना! दातांच्या डॉ. दर्शनांकडे!"

इरमची अम्मी, हमिदाचाची, लेप खलत होती. तिने वर पाहिलं नाही. उत्तर दिलं ते दारातून आत येणाऱ्या अकबरचाचाने. उमेरचे अब्बा मस्कतला, त्यामुळे घरात थोरल्या चाचाचा शब्द शेवटचा. तो रिक्षा चालवायचा आणि संध्याकाळी खाडीवर गळ टाकून बसायचा.

"त्या बाईचं नाव काढू नको! गेल्या रविवारी गावात दातांच्या शिबिरात तिने पोरांच्या तोंडात लोखंडी आकडे घातले, आणि आज बघ. शेजारच्या तेजस्वीचं तोंड सुजलंय, हिचं सुजलंय. जिने बिघडवलं तिच्याच दारात परत जाऊ?"

"मग दुसऱ्या डॉक्टरकडे!"

"सगळे एकाच माळेचे मणी. दाढेचं दुखणं हाय, चार दिवसांत बसेल."

चार दिवस तर आधीच झाले होते! पण मोठी माणसं एकदा ठरवून बसली की त्यांना कॅलेंडरही दिसत नाही.

बाहेर येताच समर्थ हळूच म्हणाला, "वेदू, मलाही रक्त आलं होतं. हिरडीतून. बुधवारी."

"काय? आणि आता सांगतोस? डॉक्टरांनी तुझ्या तोंडात काय घातलं होतं?"

"नुसता आरसा! एवढासा. इरमच्याही तोंडात आरसाच घातला. मी तिच्या मागेच उभा होतो."

"मग रक्त आलं कशाने?"

समर्थने मान खाजवली. "दोऱ्याने. दात घासले तरी फटींत अन्न राहतं, ते रोज रात्री दोऱ्याने काढा, असं डॉक्टरांनी शिकवलं ना! त्याला फ्लॉस म्हणतात."

"मला माहीत आहे, मी रोज करते. त्याने असं होत नाही. मऊ असतो तो! दाखव तुझा."

"माझ्याकडे कुठाय? डॉक्टर डब्या देऊन गेल्या. शिबिर भरवणाऱ्या रघूकाकाने त्या आमच्या हातात दिल्या, फोटो काढला आणि डब्या परत घेतल्या."

"परत घेतल्या?"

"पुढच्या शिबिराच्या फोटोलाही लागतील म्हणाला! आणि म्हणाला, दर्यावर राहता आणि दोऱ्याला कसले रडता? घरोघरी तंगूस हाय. तोच दोरा, तोच गुण!"

तंगूस म्हणजे गळाला बांधायचा नायलॉनचा दोरा. बारीक, कडक, ओढला तर बोट कापणारा!

"तेजस्वीने पण तोच वापरला?"

"सगळ्यांनीच. मी दोन दिवसांत फेकला, फार झोंबायचा."

उमेर चपलेच्या टोकाने जांभा दगड टोकरत राहिला.

तिघांनी परत जाऊन अकबरचाचाला सगळं सांगितलं. चाचाने नवतरुण मंडळाच्या रघूकाकाला हाक मारली. रघूकाका आला आणि खिशातून मोबाइल काढून मोकळा झाला.

"हा बघा फोटो! प्रत्येक पोराच्या हातात डबी हाय. मग वाटल्या नाय तर काय केल्या? पोरं काय, उचलली जीभ लावली टाळ्याला!"

फोटोत चाळीस पोरं होती, हातात चाळीस डब्या आणि मधोमध बत्तिशी दाखवणारा रघूकाका. चाचाने फोटोवर विश्वास ठेवला. आत इरम कण्हत होती. आता पाण्याचा घोटही तिला गिळता येत नव्हता.

"आता काय?" समर्थ रडकुंडीला आला.

"डब्या मंडळाच्या कपाटातच असणार," वेदिका म्हणाली. "कपाट आपण नाही उघडायचं. त्यालाच उघडायला लावू. उमेर, पाच मिनिटांनी चाचांना घेऊन मंडळाच्या दारात ये. काहीही करून आण!"

ती रघूकाकाच्या मागे धावली. "काका! तुमचा फोटो फार लांबून काढलाय हो. तुमचा चेहरा मुंगीएवढा दिसतो! आमच्या शाळेच्या अंकात समाजसेवेचं पान असतं. जवळून एक काढू का? डब्या वाटतानाचा?"

रघूकाकाला फोटो म्हणजे मांजराला दूध. त्याने आधी केस विंचरले, मग शर्ट खोचला, आणि मग किल्ली काढून कपाट उघडलं. आतून खोका काढून टेबलावर ठेवला.

"सगळ्या डब्या दिसू देत हां! चाळीसच्या चाळीस हायत!"

"हायत का?" मागून अकबरचाचाचा आवाज आला.

रघूकाकाच्या हातातली डबी खाली पडली. चाचा पुढे आला. डब्यांना हिरवं सीलसुद्धा तसंच होतं. खोक्यात डॉक्टरांनी ठेवलेले कागद होते. वेदिकाने एक मोठ्याने वाचला: "'दर वेळी नवा तुकडा घ्या. वापरलेला टाकून द्या. शिवणाचा किंवा मासेमारीचा दोरा दातांत घालू नका. काही त्रास झाला तर मला फोन करा.' खाली नंबर आहे, चाचा!"

रघूकाका पुटपुटला, "माझ्या मनात काय वाईट नव्हतं..."

"मनात काय होतं ते नंतर बघू," चाचा म्हणाला. "लाव गो पोरी फोन."

डॉ. दर्शनांनी पहिल्याच रिंगला फोन उचलला. प्रश्न भराभर आले. तोंडात किती बोटं जातात? एकसुद्धा नाही. थुंकी गिळता येते? नाही. सूज गळ्यापर्यंत उतरली आहे? हो.

"दोरा कुठला होता? नवा की वापरलेला?"

कुणालाच माहीत नव्हतं. मग उमेर पुढे झाला.

"वापरलेला," तो म्हणाला. "चाचाच्या गळाचा. कोलंबी लावतात ना, त्याचा. मी कापून दिला. तिने नवा मागितला होता, मीच म्हटलं, यानेच भागव. ती रोज तोच तुकडा वापरायची, न्हाणीतल्या खिळ्याला अडकवून."

अकबरचाचाने डोळे मिटून घेतले.

"आत्ताच्या आत्ता निघा!" फोनमधून आवाज आला. "मोठ्या हॉस्पिटलमध्येच आणा, मी तिथे पोचते. तिला आडवं करू नका, बसवून आणा. तोंडाने काही देऊ नका. आणि बाकी सगळ्या मुलांचे दोरे आधी काढून घ्या!"

चाचाने रिक्षा काढली. चाचीने इरमला मांडीवर ताठ बसवलं, उमेर शेजारी चिकटला. वाटेतल्या पावस गावाच्या चढावर इरमच्या घशातून घरघर येऊ लागली. "हळू का चालवता?" चाची किंचाळली, आणि रिक्षा तर पळता येईल तेवढी पळत होती.

इकडे वेदिका आणि समर्थ घराघरांत फिरले. एकोणीस घरांतून तंगुसाचे तुकडे निघाले. तेजस्वीला तिच्या आईने लगेच एसटीने रत्नागिरीला डॉक्टरांकडे नेलं. दारोदार डब्या वाटायचं काम समर्थने रघूकाकालाच करायला लावलं. तो मान खाली घालून वाटत होता, आणि या खेपेला फोटो कुणी काढला नाही.

रत्नागिरीच्या हॉस्पिटलात इरमच्या हनुवटीखाली चीर देऊन डॉक्टरांनी पू काढला. श्वासासाठी नळी घातली. "आणखी दोन-तीन तास गेले असते तर मी काही करू शकले नसते," डॉ. दर्शना बाहेर येऊन म्हणाल्या. "अजूनही दोन दिवस खात्री देत नाही." ते दोन दिवस त्या घरात कुणी धड जेवलं नाही.

तिसऱ्या दिवशी नळी निघाली. दाढ गेली होती, हनुवटीखाली व्रण राहणार होता, पण इरम जिवंत होती.

वेदिका आणि समर्थ भेटायला आले तेव्हा अकबरचाचा उठून उभा राहिला. पोरांसाठी तो कधी उठत नसे. "माझ्या हट्टापायी पोर गेली असती," तो म्हणाला. "तुम्ही मुलांनी वाचवली. शाबास!"

डॉक्टरांनी उमेरच्या खांद्यावर हात ठेवला. "आणि हा! याने लपवलं नाही, म्हणून काय घडलंय ते मला फोनवरच कळलं."

उमेरने खांदा सोडवून घेतला. "मला शाबासकी नको! तो दोरा मीच दिला!" आणि तो हुंदके देऊन रडू लागला.

हमिदाचाची इतके दिवस त्या विषयावर अवाक्षर बोलली नव्हती. तिने त्याला जवळ ओढलं.

"मला ठाऊक हाय, तू दिलास. आणि चार दिवस मी लेप लावत बसले. घाबरले होते, तरी चाचाला एकदा म्हटलं नाय, की चला म्हणून. तू सगळ्यांसमोर बोललास. मला नाय जमलं ते, बाळा."

मग तीही रडली. खाटेवरून इरमने हात लांब केला आणि सापडेल त्याचा सदरा घट्ट धरून ठेवला.