बाबांचं गिऱ्हाईक

ऊन उतरायला लागलं की बाबांची घालमेल सुरू व्हायची. आधी दाराची कडी खडखडवायचे, मग "दुकान उघडायचंय, सोडा मला" म्हणायचे आणि अडवलं तर हात उगारायचे. आयुष्यभर लोकांच्या गळ्यावरून वस्तरा फिरवून ज्यांनी कुणाला ओरखडा काढला नाही, त्यांनी एका संध्याकाळी माझ्या नवऱ्याच्या कानाखाली लगावली. नवरा गाल चोळत म्हणाला, "जावयाचा मान मिळाला एकदाचा." मला रडू येत होतं, तरी हसले.

डॉक्टरबाईंनी बाबांचं स्मृतिभ्रंशावरचं औषध वाढवलं नाही. म्हणाल्या, "त्यांना खोटं पाडू नका. चिडण्यामागे काहीतरी हवं असतं, ते शोधा."

मी चष्म्याच्या दुकानात लोकांचे डोळे तपासते. नीट बघणं माझ्या हाडात मुरलेलं आहे. बघितलं, तर चिडायच्या आधी बाबांच्या उजव्या हाताची बोटं हवेत उघडमीट करत होती. कातर चालवल्यासारखी.

मग आम्ही सावल्या लांबायच्या आत पडदे ओढून दिवे लावायला लागलो, टीव्ही बंद ठेवला. खोलीच्या मधोमध खुर्ची मांडली आणि बाबांच्या हातात कंगवा आणि कागदसुद्धा धड कापता येणार नाही अशी बोथट कातर दिली. बाबांनी चादर झटकून रिकाम्या खुर्चीवर पसरली. "बसा राव," म्हणाले, आणि त्यांचा चेहरा निवळला.

रोज तेच. "तुमचा भोवरा फार हट्टी आहे हो," असं म्हणायचे, मग कान देऊन ऐकायचे आणि खुदकन हसायचे. मला म्हणायचे, "मालकीणबाई, रावांना चहा सांगा." मी दोन कप ठेवायची. बाबा आपल्या हाताने जेवायला लागले. रात्री झोपायला लागले.

एकदा केर काढताना खुर्चीखाली केस सापडले. जाड, काळेभोर, नखाएवढे तुकडे. बाबांचे केस पांढरे, माझे लांब.

"माझ्याकडे संशयाने बघू नकोस," टकलावरून हात फिरवत नवरा म्हणाला. "वाऱ्याने आले असतील."

"खिडकी बंद असते."

त्याने उठून खिडकीची कडी तपासली.

दुसऱ्या दिवशी मी भिंतीशी उभी राहून बघितलं. कातरीचा आवाज येत होता. चादर खुर्चीवर सपाट पडलेली नव्हती. पोटापाशी फुगलेली होती. हळू वर होत होती, हळू खाली.

मी भिंतीला आणखी चिकटले. बाबांनी मान वळवली.

"घाबरू नको गं पोरी. राव आपलेच आहेत."

पोरी. किती दिवसांनी त्यांनी मला ओळखलं होतं.

"थांबवायचं का हे?" नवऱ्याने नंतर विचारलं.

"नको," मी म्हटलं.

पुढे बाबांना ताप आला आणि त्यांनी अंथरूण धरलं. हात उचलेनात. संध्याकाळी पुन्हा आरडाओरडा सुरू होईल म्हणून मी धास्तावले होते, पण झालं उलटंच. दिवे लागले की बाबा आपणहून हनुवटी छातीला टेकवायचे आणि डोळे मिटून शांत पडायचे.

त्यांचे केस कानांवर आले होते. कुणाला तरी बोलवायला हवं, हे मनात घोळवतच एका संध्याकाळी मी कामावरून घरी आले.

बाबांचे कल्ले सरळ कापलेले होते. कानांमागे एकही केस वाढलेला नव्हता. मानेवर कोरून काढल्यासारखी रेघ.

"तू कापलेस?"

"मला माझी नखं नीट कापता येत नाहीत," नवरा म्हणाला. त्याचा आवाज खाली गेला होता. "मी स्वयंपाकघरात होतो. बाबा कुणाशी तरी बोलत होते, मला वाटलं नेहमीसारखंच."

मी पलंगाशी गेले. बाबांच्या कपाळावर हात ठेवला. ताप नव्हता. त्यांनी डोळे उघडले नाहीत, पण माझा हात लागल्याबरोबर हसले.

"जरा बाजूला हो पोरी," हळूच म्हणाले. "रावांच्या उजेडात उभी आहेस."