रोलर नसलेली गाडी

पटलं तर घ्या, नाहीतर सोडून द्या. पण ज्याच्यासोबत हे घडलं तो माझा सख्खा चुलतभाऊ आहे. जुन्या मोटारसायकली दुरुस्त करण्यात त्याचे केस पांढरे झाले, थापा मारायला त्याला उसंत नाही. आम्ही सगळे त्याला मिस्त्रीच म्हणतो.

गेल्या थंडीतली गोष्ट. दिवेलागणीला मिस्त्री धाकट्या बहिणीच्या घरी पोचला, तेव्हा दिवसभराच्या कामाने त्याचं अंग आंबून गेलं होतं.

बहीण त्याच्याहून दमलेली.

तिचा नवरा कारखान्यात अपघातात गेला होता. अंथरुणाला खिळलेल्या सासूला हे कुणी सांगितलंच नव्हतं. म्हातारीचं काळीज नाजूक. शिवाय मुलाची गाडी रात्रपाळीला निघाल्याचा आवाज ऐकल्याशिवाय ती घास घ्यायची नाही.

म्हणून बहीण रोज संध्याकाळी ती गाडी सुरू करायची. चालू गाडी ढकलत कोपऱ्यापर्यंत न्यायची, तिथे बंद करायची आणि चोरासारखी परत आणायची.

पण गाडीचा सेल्फ-स्टार्ट पहिल्या दिवसापासून त्रास देत होता. किक तर कधीचीच तुटलेली.

मिस्त्रीने अंगणात बटण दाबलं.

घर्रर्रर्र...

मोटर जोरात फिरली, इंजिन ढिम्म. म्हणजे बॅटरी ठीक, मोटर ठीक. मोटरचा जोर इंजिनला पोचवणारा स्टार्टर क्लच गेलेला. त्यातले तीन रोलर झिजले की असंच होतं.

त्याने बटण सोडलं.

"थांब जरा," बहीण म्हणाली.

सगळं शांत...

आणि गाडी सुरू झाली.

मिस्त्रीचे दोन्ही हात मांडीवर होते.

"रोज असंच होतं," ती म्हणाली. "भीती वाटायचंही त्राण उरलं नाही रे दादा."

आतून सासूबाईंचा आवाज आला, गेला का गं तो? मग वाढ मला.

कुठेतरी वायर चिकटत असेल, अशी मिस्त्रीने मनाची समजूत घातली. दुसऱ्या दिवशी दुपारी त्याने ऑइल काढलं, साईड कव्हर उघडलं, पुलर या ओढायच्या हत्याराने मॅग्नेटचं जड चाक उपसलं.

मागे क्लच होता.

रोलरच्या तिन्ही जागा रिकाम्या.

झिजलेले नाहीत, तुटलेले नाहीत. रोलर नव्हतेच... त्यांच्याशिवाय सेल्फवर ती गाडी जन्मात सुरू झाली नसती. वायर चिकटो नाहीतर जळो.

बहिणीला तेव्हा आठवलं. अपघाताच्या आदल्या दिवशीच नवऱ्याने गाडी उघडली होती. नवे रोलर आणून बसवतो म्हणाला, धूळ जाऊ नये म्हणून कव्हर लावून ठेवलं आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बसने कामाला गेला.

त्याच्या हत्यारांच्या पेटीत फडक्यात तीन रोलर सापडले. झिजलेले.

मिस्त्रीने ते फडकं होतं तसं गुंडाळून पेटीत ठेवलं. पण बहिणीचे हाल त्याला बघवत नव्हते. त्याने नवे रोलर, नव्या स्प्रिंगा बसवल्या. बटणाला बोट लागताच गाडी सुरू झाली. आता हिची यातून सुटका होईल, असं त्याला मनापासून वाटलं.

संध्याकाळी बहिणीने बटण दाबलं. गाडी झटक्यात सुरू झाली. ती कोपऱ्यापर्यंत नेऊन परत आली, ताट वाढून आत गेली. मिस्त्री दारात उभा होता.

सासूबाईंनी ताटाकडे पाहिलंसुद्धा नाही.

"आज तो नव्हता," म्हातारी म्हणाली. "आज तू चालू केलीस."

बहिणीने ताट खाली ठेवलं.

"गेलाय तो, ठाऊक आहे मला. माझं काळीज तुम्हाला वाटतं तेवढं कच्चं नाही. पण रोज येऊन जात होता ना... आज का नाही आला?"

म्हातारीने भिंतीकडे तोंड फिरवलं. त्या रात्री ती जेवली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही.

तिसऱ्या दिवशी बहीण दुकानात आली. डोळे रडून सुजलेले.

"दादा, ते रोलर काढ परत."

मिस्त्री पुलर घेऊन तिच्या घरी गेला. मॅग्नेट ओढला, रोलर काढले, कव्हर लावलं आणि अंधार पडायच्या आत तिथून निघाला.

ते नवे रोलर अजून त्याच्या दुकानात फळीवर पडून आहेत. दुसऱ्या कुणाच्या गाडीत घालायला त्याचं मन धजत नाही.

परवा मी त्याला बहिणीची खुशाली विचारली. त्याने फडक्याला हात पुसले.

"रोलर नाहीत, तरी गाडी रोज सुरू होते. सासूबाई आता दोन्ही वेळा जेवतात," एवढंच म्हणाला.